ग्वाल्हेरची बोरी, मेहरूणचा डोळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात हरिशंकरपुरम नावाची वसाहत आहे. तेथे आमच्या घराच्या मागील अंगणात बोरीचे एक झाड आहे आणि त्या एकाच झाडाला दोन तऱ्हेची बोरे लागतात. पूर्वेकडील दोन फांद्यांना लांबट, टोकाशी निमुळती, गोड बोरे येतात. पश्चिमेकडील फांदीला सुपारीएवढी, गोल आणि दात आंबवणारी. गल्लीतील मुलांना हे ठाऊक आहे. गोड बोरे मागायला ती पुढच्या दाराने येतात आणि आंबट बोरे पाडायला मागच्या भिंतीवरून. एकदा त्यांतल्याच एकाने मला विचारले, "मास्साब, ये एक पेड़ है या दो?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पानिपत, प्लासी, अठराशे सत्तावन या प्रश्नांना माझ्याजवळ तयार उत्तरे असत. या प्रश्नाला नव्हते. ते शोधताना मला बाबरापासून माझ्या आईपर्यंत जावे लागले. वाचकहो, त्या शोधाचीच ही हकिकत आहे.

सुरुवात मात्र आलुबुखाऱ्यापासून केली पाहिजे. उन्हाळ्यात आमच्याकडे हातगाड्यांवर हिमाचलातून आलेले जांभळे, रसदार आलुबुखारे दिसतात. मागील वर्षी सुट्टीत आलेल्या माझ्या नातीने त्याला 'प्लम' म्हटले आणि "आजोबा, आपल्या झाडाला प्लम का नाही लागत?" असे विचारले. आलुबुखाऱ्याच्या झाडाला हिवाळ्यात बरेच दिवस सलग थंडी लागते. त्या थंडीत झाड झोपते, आणि पुरेशी झोप झाली तरच वसंतात नीट फुलते. पंजाबच्या मैदानात 'सतलज पर्पल' नावाची कमी थंडीवर भागवणारी जात लावतात. पण तिचीही एक अट असते. एकट्या झाडाला फळ धरत नाही. परागासाठी शेजारी 'काला अमृतसरी' हे दुसऱ्या जातीचे झाड असावे लागते. आमच्याकडे थंडी पडते ती थोडे दिवस, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. तेव्हा नातीला मी म्हटले, "आपल्याकडे आहे की प्लम! मागच्या दारी आहे."

हे अगदीच थापेबाज उत्तर नव्हते. इंग्रजांनी आपल्या वनस्पतींच्या पुस्तकांतून बोराला 'इंडियन प्लम' हेच नाव दिले होते. शास्त्राने पाहू गेल्यास दोघांचे गोत्र वेगळे आहे. आलुबुखारा गुलाबाच्या कुळातला, बोर दुसऱ्याच कुळातले. पण परदेशातून आलेला माणूस नवे फळ पाहिले की आपल्या गावच्या फळाशी त्याची तुलना करतो. इंग्रजांच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे दुसऱ्या एका परदेशी माणसाने नेमकी हीच तुलना केली होती. त्याचे नाव जहीरुद्दीन मुहंमद बाबर.

बाबर १५२६ मध्ये पानिपत जिंकून आग्र्यास आला. हिंदुस्थानात त्याचे मन रमले नाही. इथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, ही त्याची तक्रार प्रसिद्ध आहे. तरीही त्याने आपल्या आत्मचरित्रात इथल्या झाडाफुलांचे आणि फळांचे वर्णन मोठ्या बारकाईने केले आहे. आंबा, केळे, महुवा, जांभूळ, करवंद, फणस, सगळे त्यात आले. बोराविषयी तो सांगतो की त्याला फारसीत कुनार म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. आकाराने ते 'अलुचा'हून थोडे मोठे असते. अलुचा म्हणजे आलुबुखाऱ्याचाच एक भाऊबंद. पुढे तो म्हणतो की बहुतेक बोरे काही फारशी चांगली नसतात, पण बांदीर येथे पाहिलेले बोर मात्र खरोखर उत्तम होते. मूळ तुर्की ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या ॲनेट बेव्हरिज बाईंनी बांदीरपुढे कंसात 'ग्वाल्हेर' अशी खूण केली आहे.

ग्रंथालयात हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. समरकंदचे आलुबुखारे आणि काबूलची द्राक्षे खाल्लेल्या, नाक मुरडण्यात कसलीही कसर न ठेवणाऱ्या माणसाने हिंदुस्थानातील एका बोराला शिफारसपत्र दिले आणि ते आमच्या मुलुखातले निघाले!

पण इतिहासाच्या शिक्षकाने इतक्यावर खूश होऊन चालत नाही. बाबराने ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला तो सप्टेंबर १५२८ मध्ये. त्याने मानसिंहाचा महाल पाहिला, रहीमदादची बाग पाहिली, इथली लालभडक कण्हेर त्याला इतकी आवडली की तिची रोपे त्याने आग्र्याला नेऊन लावली. परंतु सप्टेंबरात बोर पिकत नाही. त्या वेळी झाडाला जेमतेम फुले येत असतात. मग त्याने चांगले बोर पाहिले केव्हा?

उत्तर त्याच्या आधीच्या मोहिमेत सापडते. त्याच वर्षीच्या जानेवारीत बाबर चंदेरीवर चालून गेला होता. त्याची फौज काल्पी आणि एरच या बाजूने गेली आणि जानेवारीच्या अखेरीस चंदेरी पडली. भांडेर हे गाव याच पट्ट्यात आहे. आज ते दतिया जिल्ह्यात असले तरी पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात आणि नंतर ग्वाल्हेर जिल्ह्यात मोडत असे. बांदीर म्हणजे भांडेर असे धरले, तर स्थळही जुळते आणि काळही. जानेवारी हा आमच्याकडे पहिली बोरे पिकू लागण्याचा महिना. हा माझा तर्क आहे. पण झाड लावणाऱ्याला सुचावा असा तर्क आहे. नुसती पुस्तके वाचणाऱ्याच्या ध्यानात बोराचा हंगाम येत नाही.

बोराचा इतिहास बाबराने सुरू झाला असे मात्र कोणी समजू नये. नर्मदाकाठी महेश्वरसमोरील नावडातोली येथे डॉ. सांकलियांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गहू, मसूर, जवस यांच्याबरोबर जळालेली बोरेही मिळाली. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननातही बोर सापडले आहे. म्हणजे नर्मदेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेतकरी, मराठी किंवा हिंदी हा भेद जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, एकच फळ खात होते. वैदिक वाङ्मयात कुवल, कर्कंधू आणि बदर अशी बोराची तीन निरनिराळी नावे येतात. पारख किती जुनी आहे ते यावरून कळते. आयुर्वेदात 'कोल' हे वजनाचे मापच आहे आणि कोल म्हणजे बोर. वैद्यबुवा अजूनही 'बोराएवढी गोळी' सांगतात. बदरीनाथाच्या नावात बोर आहे, बादरायण व्यासांच्या नावात बोर आहे.

आणि शबरी? माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो की वाल्मीकींच्या रामायणात शबरी रामाला रानातील कंदफळे देते, पण उष्ट्या बोरांची गोष्ट तेथे नाही. ती नंतरच्या भक्तांनी घातली. काहींना याचा राग येतो. मला वाटते, त्या भक्तांना बोराचा स्वभाव बरोबर ठाऊक होता. एकाच झाडाचे एक बोर गोड निघते आणि दुसरे तुरट. चाखल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या कोणत्या फळाच्या बाबतीत ही गोष्ट इतकी साजली असती?

आता आमच्या झाडाकडे येतो.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला, तो तळ म्हणजेच आजचे लश्कर. त्या तळाबरोबर आणि नंतरच्या शंभर वर्षांत दक्षिणेतून शेकडो मराठी कुटुंबे इथे आली. शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक, वैद्य, गवई, शिक्षक आले. आमचे पणजोबा त्यांतलेच एक कारकून. येथून महाराष्ट्राकडे परतणाराही एक ओघ होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरास येऊन इथली गायकी शिकले आणि त्यांनी ती दक्षिणेत नेली. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस त्यांच्याजवळच शिकले. राजकवी भा. रा. तांबे यांची वाणी याच मुलुखात फुलली आणि १९४१ मध्ये ते येथेच निवर्तले. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूरकडील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्यासारख्यांच्या घरी भाषा उंबरठ्याच्या आत एक आणि बाहेर दुसरी असते.

माझी आई खानदेशातली. तिचे माहेर जळगावजवळ मेहरूणला. मेहरूण आता जळगाव शहरातच मिसळून गेले आहे. पण तिच्या लहानपणी तलावाच्या बाजूला बोरांच्या बागा होत्या आणि मेहरूणच्या बोराचे नाव दूरवर होते. बोरांच्या जातींच्या यादीत उमराण, कडाका यांच्या जोडीने मेहरूण हे नाव आजही येते. लग्न होऊन ग्वाल्हेरास येताना आईने लुगड्याच्या गाठीत बोराच्या आठळ्या बांधून आणल्या होत्या. त्या तिने रुजवल्या, वाढवल्या, चार-पाच वर्षे वाट पाहिली. बोरे लागली. ती बोरे मेहरूणची नव्हती. बारीक, आंबट आणि आठळीच मोठी!

आईला वाटले की ग्वाल्हेरची माती वाईट. मातीचा दोष नव्हता. बोराच्या बीपासून झाड होते. पण ते आईबापांसारखेच होईल याची हमी नसते. जात टिकवायची तर डोळाच भरावा लागतो. हे आम्हाला मामाने सांगितले.

हरिशंकरपुरमच्या प्लॉटवर आम्ही राहायला आलो तेव्हा तेथे एक देशी बोर आपोआप उगवलेली होती. वडील ती मुळासकट काढणार होते. मामाने पत्र लिहिले की काढू नका, मे महिन्यात जमिनीपासून हातभर ठेवून तोडा आणि माझी वाट पाहा. मी तेव्हा बारावीत होतो. जुलैत पहिला पाऊस झाल्यावर मामा भुसावळला पंजाब मेल पकडून आला. हातात वळकटी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मेहरूणच्या डोळकाड्या. तोवर तोडलेल्या खुंटाला पेन्सिलीएवढ्या जाडीचे नवे फुटवे आले होते. मामाने चाकूने फुटव्याची साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरली, डोळकाडीवरून एक डोळा सालीसकट अलगद उचलला, चिरेत सरकवला आणि वरून पट्टी बांधली. आई शेजारी छत्री धरून उभी होती.

"दादा, धरेल ना रे?" तिने विचारले.

"खुंट जोमाचा आहे, ताई. इथल्या उन्हात आपली मेहरूण एकटी टिकली नसती. याच्या मुळावर टिकेल. पण एक लक्षात ठेव. डोळ्याच्या खालून जी फूट येईल ती काढत राहायची. कंटाळा केलास तर खुंट वर येईल."

सहा डोळे भरले, दोन धरले. त्या दोन डोळ्यांपासून आजच्या पूर्वेकडील दोन फांद्या झाल्या.

बोरीसारखे सोशिक झाड मी पाहिले नाही. मे महिन्यात सगळी सृष्टी पाण्यासाठी तडफडते तेव्हा ही शहाणी पाने टाकून झोपी जाते. आलुबुखारा थंडीत झोपतो, बोर उन्हात झोपते. ज्याने त्याने आपल्या संकटाच्या वेळी डोळे मिटायचे. पाने झडली की छाटणी करावी लागते, कारण फळ धरते ते नव्या फुटीवर. छाटणी चुकली की झाड नुसते पसरते आणि बोरे बारीक होतात. पावसाबरोबर पालवी येते, भाद्रपद-आश्विनात पानांच्या बेचक्यांत हिरवट पिवळी बारीक फुले येतात. मग दोन शत्रू. पानाफळांवर पांढरी भुरी आणि फळात अंडी घालणारी माशी. माशी लागलेले बोर गळून पडते आणि तिची अळी मातीत जाऊन कोष करते. म्हणून गळालेली बोरे वेचून नष्ट करायची आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती चाळून उन्हाला दाखवायची. आई हे काम रोज सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी करी.

खानदेशापेक्षा इथली थंडी कडक, त्यामुळे मेहरूण आमच्याकडे थोडी उशिरा, फेब्रुवारीच्या सुमारास रंग धरते. कच्चे असताना बोर हिरवे आणि तुरट. हिरवेपणा जाऊन पिवळेपणा येतो तेव्हा ते सफरचंदासारखे करकरीत लागते; गोडीला किंचित आंबट किनार असते. हाच खाण्याचा खरा क्षण. आणखी आठवडाभर ठेवले की साल तांबूस होते, गर मऊ पडतो आणि खजुराची आठवण यावी असा वास सुटतो. आईला ते तसे आवडे, मला करकरीत. पहिल्या वर्षी फक्त अकरा बोरे लागली. आईने एक बोर दाताने तोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "आमच्या तलावाकाठचंच आहे रे." वडील हिंदी शाळेत शिकलेले; ते म्हणाले, "बेर तो भांडेर का!" असे म्हणताना त्यांनी बाबर वाचलेला नव्हता. भांडेरचे बोर चांगले, हे त्यांनी बाजारात ऐकले होते. मोठ्या इतिहासाचे धागे कधीकधी असे भाजीबाजारात सापडतात.

आमच्याकडे बोरन्हाण संक्रांतीला होत नसे. रथसप्तमीच्या दिवशी होई, कारण तोवर झाडावरची निदान पहिली बोरे पिवळी व्हायला लागत. काळे झबले, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. गल्लीतील हिंदी भाषिक मुलेही बोलावली जात. शेजारच्या बायका नंतर आपल्या मुलांचेही 'बोरनहान' करू लागल्या. आणि महाशिवरात्रीला पिंडीवर वाहायला त्यांना बोरे लागत, ती आमच्याकडून जात.

मग आई आजारी पडली. चार वर्षे दवाखाने, औषधे आणि माझी शाळा. त्या चार वर्षांत छाटणी झाली नाही, खालची फूट कोणी काढली नाही. आई गेली आणि त्या हिवाळ्यात पश्चिमेकडील फांदीला गोल, आंबट बोरे लागलेली मी पाहिली. खुंट वर आला होता. मामाचे शब्द खरे झाले.

घरातही काहीसे तसेच झाले होते. मुले हिंदीत भांडत, हिंदीत स्वप्ने पाहत. मराठी आजीशी बोलण्यापुरती होती आणि आजी गेल्यावर तेवढेही कारण उरले नाही. दोष मुलांचा नव्हता. खालची फूट काढायची ती मी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारा मुख्याध्यापक घरी आल्यावर दमलेला असे.

कुऱ्हाड घेऊन ती आंबट फांदी तोडायला मी एकदा उभा राहिलो होतो. भिंतीवरची मुले ओरडली, "मास्साब, ये मत काटिए, चटनी इसी की बनती है!" मी थांबलो. त्या फांदीच्या मुळावरच तर मेहरूण जगत आली होती. या मुळाने शेचाळीस अंशांचे उन्हाळे पचवले, पाणी तोडले तरी तग धरला. तिचा हक्क मला नाकारता येईना. फक्त तिला हद्द घालून दिली. दर मे महिन्यात ती फांदी आखडून छाटतो, पूर्वेच्या फांद्यांना ऊन मोकळे ठेवतो आणि खोडावरची नवी फूट बोटाने काढून टाकतो. अर्ध्या तासाचे काम आहे. पण ते दर वर्षी करावे लागते.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बोराचेही दिवस पालटले. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, तेव्हा सोलापूर, नगरच्या कोरड्या माळांवर बोरांच्या बागा उभ्या राहिल्या. पुढे थायलंडकडचे मोठे, हिरवे 'ॲपल बोर' आले; दिसायला देखणे, चवीला पाणचट. ग्वाल्हेरच्या गाड्यांवरही आता तेच अधिक दिसते. जळगाव वाढले तसे मेहरूणच्या बागांच्या जागी घरे झाली. मामाची बागही गेली. त्या बागेतला डोळा आता माझ्या माहितीत आमच्याच अंगणात उरला आहे.

म्हणूनच मुलगा गेल्या वर्षी म्हणाला, "बाबा, निवृत्त झालात की घर विकून बंगळूरला या," तेव्हा मी लगेच होकारही दिला नाही आणि नकारही. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. घर घेणारा पहिल्याच दिवशी झाड पाडील, हेही खरे. मी एवढेच केले. मोठ्या पिशव्यांमध्ये देशी बोराच्या आठळ्या लावून खुंट तयार केले आणि यंदाच्या जुलैत त्यांवर मेहरूणचे डोळे भरले. हात थरथरतो, तरी दहांपैकी पाच धरले. एक शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल, एक माझ्या शाळेच्या आवारात, एक जळगावला मामेभावाकडे. मेहरूणचे बोर मेहरूणला परत पाठवायचे म्हणजे गंमतच. चौथे बंगळूरला, गच्चीवरील पिंपात का होईना. पाचवे राखीव.

रथसप्तमीला नात आली होती. तिचे बोरन्हाण याच झाडाच्या बोरांनी झाले. बोरे वेचताना तिने एक तोंडात टाकले, तोंड वेडेवाकडे केले आणि ते माझ्या हातावर थुंकले. ते पश्चिमेचे होते. दुसरे पूर्वेचे मी दिले. ते तिने संपवले आणि हात पुढे करून म्हणाली, "आजोबा, अजून."

हा मराठी शब्द तिला कोणी शिकवला ते मला माहीत नाही. मी तिला उचलून पूर्वेकडील फांदीजवळ नेले. भिंतीवरून मुले विचारत होती, "मास्साब, ये एक पेड़ है या दो?"

"एकच आहे रे," मी म्हणालो. "खाली उतरा आणि पुढच्या दाराने या."